अकरा चित्रं

ऑपरेटरचं पत्र मी चार महिने शब्दकोशात दडवून ठेवलं होतं. टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेला हा माझा जन्मांध मित्र. तीस वर्षं त्याची पत्रं मीच लिहायचो, आलेली मीच वाचायचो. हे मात्र त्याने स्वतः संगणकावर लिहून छापलं होतं. शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती. मी शोधून पाहिली.

वेबसाइटचं काम शिकणाऱ्या माझ्या नातीने गेल्या वर्षी त्याला पडद्यावरचं मोठ्याने वाचणारा प्रोग्राम बसवून दिला. पुढच्या आठवड्यात मी नेहमीसारखा पुस्तक घेऊन गेलो, तर स्वारी ते वाचून मोकळी!

"संपलं पण?"

"अरे, हा थकत नाही, खोकत नाही आणि प्रेमाचे प्रसंग गाळत नाही! तुझ्या वाचनात माणसं नुसता चहा पिऊन बाप व्हायची."

सोबत आलेली नात पोट धरून हसली. मीही हसलो. पण आतून जळफळाट झाला. एका यंत्रावर, या वयात! सांगणार कुणाला?

मग तिची स्पर्धा आली. दृष्टिहीन माणसाला कुणाच्या मदतीशिवाय वापरता येईल अशी वेबसाइट विद्यार्थ्यांनी करायची होती. तिच्या गटाने चित्रसंग्रहालयाची केली. दर रविवारी ऑपरेटर ती वापरून चुका काढायचा. दोघं डोक्याला डोकं लावून बसायची आणि मी कप उचलायचो.

शेवटी ती म्हणाली, "आजोबा, अकरा चित्रांची वर्णनं तुम्ही लिहा ना. प्रोग्राम तेच वाचून दाखवेल. तुमच्यासारखं आम्हाला नाही जमायचं."

म्हणजे शब्द माझे आणि आवाज त्या यंत्राचा. मी एवढंच लिहिलं: चित्र एक, चित्र दोन, असं अकरापर्यंत. स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी तिच्या संगणकावर टाइप करून दिलं. तिने ते न वाचताच वेबसाइटवर चढवलं. चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासलेल्या माणसाचं कोण तपासणार?

परीक्षकांनी ऑपरेटरला बसवून संगणकाचा पडदा बंद केला आणि खिडकीत बसलेल्या बाईचं चित्र शोधायला सांगितलं. तो झरझर चित्रांपर्यंत पोचला. मग सभागृहात तो आवाज घुमला: चित्र एक. चित्र दोन.

"पोरी, भिंतीवर नुसत्या चौकटीच टांगल्यात का गं?"

लोक हसले. नात लालबुंद झाली. नंबर गेला.

"मीच तुम्हाला नीट समजावलं नाही, आजोबा," वाटेत ती म्हणाली. मी तिला तसंच समजू दिलं.

ऑपरेटरच्या पत्रात एवढंच होतं: 'पुस्तकाचं मुखपृष्ठ सांगायला तुला पाव तास लागायचा. शब्द संपले होते, की मुद्दाम केलंस?'

परवा नात म्हणाली, "हे काम मी सोडतेय. घरच्या माणसाला साधं समजावता येत नाही मला, परक्यांसाठी काय बनवणार?"

आज मी कागद घेतला. 'मुद्दाम केलं. त्या आवाजावर जळत होतो. खरं तर तुम्हा दोघांवरही. पोरीची काही चूक नाही.' खाली अकराही चित्रांची वर्णनं लिहिली. खिडकीतल्या बाईला दीड पान लागलं.

माझं गिचमिड अक्षर त्याच्या प्रोग्रामला लागत नाही. रविवारी त्याच्याकडे गेली की नातच त्याला हे मोठ्याने वाचून दाखवणार. तिला तोंडाने सांगायची माझी छाती नाही. टपालपेटीपाशी जाऊन दोनदा मागे फिरलो. तिसऱ्यांदा पत्र आत टाकलं.