दहा वाट्यांची घोडी

मी एक जुनी घोडी आहे. टांग्याची नव्हे, शर्यतीची. थरोब्रेड म्हणतात त्या जातीची. आता माझ्या पाठीला बाक आला आहे, डोळ्यांभोवतीचे केस पांढरे झाले आहेत आणि तोबऱ्यातले दाणे भिजवून दिल्याशिवाय मला चावता येत नाहीत. पण मित्रांनो, स्वभाव लहानपणापासून चौकस. दाराची कडी कशी उघडते, शेजारच्या ठाणावरचा घोडा का खिंकाळला, माणसे एकमेकांच्या कानात काय बोलतात, हे मला कळलेच पाहिजे असे वाटे. त्यातला एक प्रश्न मात्र मला जन्मभर पुरला. तो म्हणजे, मी नक्की कोणाची?

तुम्ही म्हणाल, यात अवघड ते काय? मालक असेल त्याची. इथेच तर घोडे अडते. मला मालक एक नव्हता, दहा होते.

त्याचे असे झाले. मी शिंगरू होते तेव्हा टेकडीच्या उतारावरच्या मोठ्या कुरणात आईमागे हुंदडत असे. थोडी मोठी झाल्यावर मला लिलावात उभे केले. एका ट्रेनरसाहेबांना माझे खांदे फार आवडले, पण किंमत एकाच्या खिशाला झेपणारी नव्हती. मग त्यांनी माझे दहा वाटे केले. एका रविवारी त्यांनी खोगिरांच्या खोलीत घडीच्या खुर्च्या मांडल्या, माणसे बोलावली आणि समोरचा चहा निवायच्या आत मला विकून टाकले. खर्च दहा जणांनी सारखा सोसायचा आणि बक्षीस दहा जणांनी सारखे वाटून घ्यायचे, असे ठरले. मी समोरच्या ठाणाच्या दारातून मान बाहेर काढून ऐकत होते. वाटे म्हणजे तुकडे, असेच मला वाटले. मी खाली वाकून आपले पाय पाहिले. पाय चार, माणसे दहा. हिशेब काही जुळेना.

पुढे मी माझ्यापुरती वाटणी लावली. दंतवैद्य आले ते सरळ माझा ओठ वर करून बघू लागले, तेव्हा दात त्यांचे. बेकरीवाल्यांनी पोटावर थाप मारली, म्हणजे पोट त्यांचे. लिफ्ट दुरुस्त करणारे दोघे भाऊ माझ्या मागे उभे राहून भांडत होते, म्हणून मागचा एकेक पाय त्यांना दिला. असे करत करत नऊ जणांची सोय लागली. राहिल्या त्या शिवणबाई. जॉकी शर्यतीत जे रंगीत सदरे घालतात ते त्या शिवत. आपण शिवलेला सदरा पाठीवर घेऊन पळणारे जनावर असते तरी कसे, हे जवळून बघायला म्हणून त्यांनी वर्षानुवर्षे साठवलेले पैसे घालून एक वाटा घेतला होता. त्यांनी मला कुठे चाचपले नाही. नुसता हात पुढे केला आणि मला हुंगू दिला. बोटांना सुयांची टोचणी झालेली होती, वास नव्या कापडाचा होता. यांचा वाटा कुठला, ते काही मला उमगले नाही.

दहा मालक म्हणजे बारभाईचा कारभार. माझे नाव ठरवताना इतकी वादावादी झाली की शेवटी तिघांची नावे जोडून एक लांबलचक नाव कागदावर चढले. ते कोणालाच एका दमात म्हणता येत नसे, म्हणून मोतद्दार मला 'पोरी' म्हणत. मोतद्दार म्हणजे घोड्याची सगळी देखभाल करणारा माणूस. खरारा त्यांचा, दाणापाणी त्यांचे, माझ्या खोड्याही त्यांच्याच. गंमत अशी की त्यांचा माझ्यात एकही वाटा नव्हता.

आमच्या तबेल्यात एक रीत होती. कोणाला आपला वाटा विकायचा असेल तर त्याने आधी इतर नऊ जणांना विचारायचे. त्यांनी नको म्हटले तरच बाहेरच्याला द्यायचा. सौदा झाला की जाणाऱ्याने माझा दोर हातात घेऊन अंगणात मला एक फेरी मारायची आणि सगळ्यांसमोर तो दोर येणाऱ्याच्या हाती द्यायचा. कागदावर काहीही लिहिलेले असो, दोर हातात आल्याशिवाय मोतद्दार नव्या मालकाला माझ्या ठाणावर पाऊल ठेवू देत नसत. आणि आख्खी घोडीच विकायची वेळ आली, तर दोर दहाही हातांतून जाऊन मग गिऱ्हाइकाकडे जायचा. दहांपैकी एकाने जरी तो पुढे दिला नाही, तर सौदा मोडला.

मी पळू लागले आणि दिवस पालटले. पहिल्या शर्यतीत चौथी, दुसरीत दुसरी, आणि पावसाळा संपता संपता मी जिंकू लागले. काय ते कौतुक! ज्यांनी मला कधी पाहिलेही नव्हते ते माझ्या वाट्यासाठी ट्रेनरसाहेबांच्या मागे लागले. दोघा भावांपैकी धाकट्याने आपला वाटा भरपूर नफ्यात विकला; थोरला त्याच्याशी महिनाभर बोलला नाही. शिवणबाईंनाही विचारणारे कमी नव्हते. त्या सगळ्यांना एकच उत्तर देत, "अजून माझं बघून झालं नाही."

मग ती मोठ्या शर्यतीची सकाळ आली. शर्यतीच्या दिवशी घोड्याने जवळजवळ उपाशी असावे लागते. ट्रेनरसाहेबांनी सगळ्या वाटेकऱ्यांना बजावून सांगितले होते की आज कोणी हिला काहीही खायला घालायचे नाही. मोतद्दारांनी माझ्यासमोरचे गवतही उचलून नेले होते. मी भुकेने भिंत चाटत होते.

पहिल्यांदा दंतवैद्य आले. त्यांनी मोतद्दारांना गाडीचे दार लावले की नाही ते बघायला धाडले आणि खिशातून साखरेचे खडे काढले. दंतवैद्याच्या खिशात साखर का असते, हे कोडे मला आजही सुटलेले नाही. ते गेले आणि थोरला भाऊ गाजरे घेऊन आला. त्याने मोतद्दारांना पाणी आणायला लावले. असे एकामागून एक सगळेच आले. शिवणबाईंनी पदराआडून सफरचंदे काढली. बेकरीवाल्यांनी तर गरम पावांची टोपलीच माझ्यापुढे धरली. आज सगळ्यांनाच आपल्याकडून काही ना काही हवे आहे, असे मोतद्दार धापा टाकत पुटपुटले. दहाही जणांच्या मनात एकच विचार होता: आपला तर दहावा हिस्सा, आपल्या एवढ्याशा खाऊने काय होणार? आणि मित्रांनो, मी बोलूनचालून घोडी. समोर आले ते खाल्ले.

दुपार व्हायच्या आत माझ्या पोटात कळा सुरू झाल्या. मी पाय आपटू लागले, मागे वळून आपल्याच पोटाकडे बघू लागले, घामाने थबथबले. घोड्याला उलटी होत नाही. पोटशूळ उठला की तो जिवावरच बेततो. मोतद्दार मला बसू न देता अंगणात फिरवत राहिले. जनावरांचे डॉक्टर आले, त्यांनी पोटाला कान लावला आणि सगळ्यांकडे बघून विचारले, "काय खाल्लंय हिनं? खरं कळलं तर वाचवता येईल."

सगळे मोतद्दारांकडे बघू लागले. मला तर भीती वाटली की आळ आता त्यांच्यावरच येतो. तेवढ्यात शिवणबाई पुढे झाल्या.

"सफरचंदं दिली मी," त्या म्हणाल्या. "मोतद्दारकाका इथं नव्हते. मीच त्यांना बादली आणायला पाठवलं होतं."

मग दंतवैद्यांनी मान खाली घालून साखर कबूल केली, थोरल्याने गाजरे. एकेक जण पुढे येत गेला तसतसे डॉक्टरांचे डोळे मोठे होत गेले. सगळ्यांत शेवटी बेकरीवाले रडत रडत पावांविषयी बोलले. डॉक्टरांनी नाकातून पोटात नळी घातली, औषधे घातली आणि संध्याकाळी मी वाचले. पण त्या दुखण्याने मला पार पिळून काढले. हिने आता शर्यत पळू नये, असे त्यांनी पुढच्या आठवड्यात सांगून टाकले.

त्यानंतर माझे अंगण ओस पडले. रविवारी येणाऱ्या गाड्या थांबल्या. वाटेकरी आपला वाटा फुकट द्यायला निघाले तरी घेणारा भेटेना, आणि दाण्यागोट्याचा खर्च काही थांबत नव्हता. कान टवकारून मी फाटकाकडे बघत बसे. मला फार वाईट वाटे, आणि त्याहून जास्त नवल वाटे. पळत होते तेव्हा मी सगळ्यांची होते. उभी राहिले तर कोणाचीच कशी नाही?

अखेर एक व्यापारी आला. शर्यतीतून उतरलेले घोडे तो मिळेल त्या भावात घाऊक उचलत असे. त्याने नेलेला घोडा पुन्हा कोणाच्या दृष्टीस पडलेला नव्हता. त्या सकाळी मोतद्दारांनी माझ्या अंगावरून दोनदा खरारा फिरवला. दहाही वाटेकरी अंगणात रांगेने उभे राहिले आणि दोर फिरू लागला. दंतवैद्यांनी तो थोरल्याला दिला, थोरल्याने पुढच्याला. बेकरीवाल्यांनी माझ्याकडे न बघताच तो पुढे केला. शेवटी शिवणबाई होत्या आणि त्यांच्यापलीकडे व्यापारी हात पसरून उभा होता.

दोर शिवणबाईंच्या हातात आला आणि तिथेच राहिला.

"अहो बाई, द्या पुढं," दंतवैद्य हळूच म्हणाले. "एका वाट्याचं तुम्ही करणार तरी काय?"

"तुमचे नऊ वाटे खुशाल घेऊन जा," त्या म्हणाल्या. "माझा वाटा इथंच उभा राहील."

व्यापाऱ्याने एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहिले. दहावा हिस्सा मागे ठेवून घोडी कशी न्यायची, हे त्याच्याही डोक्यात बसेना. तो निघून गेला. मग बेकरीवाल्यांनी कोपऱ्यातले फावडे उचलले आणि माझे ठाण साफ करायला घेतले.

तेव्हापासून इथे नवी पद्धत सुरू झाली. वाटेकऱ्याने येताना खाऊ आणायचा नाही, आल्यावर मोतद्दारांना विचारायचे आणि ते सांगतील ते काम करायचे. दोघांतिघांना ते जमले नाही, त्यांनी दोर सोडला. बाकीचे राहिले. दंतवैद्य आजही माझे दात बघतात, पण खिसे आधी मोतद्दार तपासतात.

मित्रांनो, तुमच्याकडेही पुष्कळ गोष्टी साऱ्यांच्या मिळून असतील. शाळेतला बाक असेल, वाचनालयातले पुस्तक असेल, आजोबाही असतील. त्यांचे कौतुक करायला सगळे धावतात. तुम्ही त्यांची विचारपूस करा. आपला वाटा लहान आहे, आपल्याने काय होणार, असे मात्र कधी म्हणू नका. ना खाऊ देताना, ना दोर धरताना.

माझ्या जुन्या प्रश्नाचे उत्तरही मला मिळाले. एकदा मोतद्दारांनी शिवणबाईंना विचारलेच, "बाई, हिचा नेमका कुठला वाटा तुमचा?" बाई सुईत दोरा ओवत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "ज्या दिवशी जो दुखेल तो."

या थंडीत माझा मागचा डावा पाय फार दुखतो. माझ्या वाटणीत तो कोणाचाही असो, रोज सकाळी शिवणबाई काठी टेकत येतात आणि तो शेकून जातात.