काचेतलं पाणी

"तुमच्याबद्दल थोडं सांगा," समोरची मुलगी म्हणाली, आणि माझं डोकं तिथंच तापायला लागलं.

सात महिन्यांतली ही माझी सहावी मुलाखत. मी आकाराम पोवार, राहणार कसबा बावडा, वय सत्तेचाळीस. बावीस वर्षं बॉयलर चालवलेत. सरकारी परीक्षा देऊन मिळवलेला बॉयलर अटेंडंटचा दाखला माझ्या पिशवीत होता आणि आधीच्या पाच ठिकाणी तो कुणी उलगडूनसुद्धा बघितला नव्हता. आमचा रंगाईचा कारखाना बंद पडल्यापासून मी ऑफिसांच्या पायऱ्या झिजवतोय. जाईन तिथं तेच. तुमची ताकद काय, कमतरता काय, पाच वर्षांनी स्वतःला कुठं बघता? वाफेचं प्रेशर किती ठेवता, पाणी कसं तपासता, असं एकाही शहाण्यानं विचारलं नाही.

माझी पोरगी संयोगिता कॉलेजात आहे. तिनं मोबाईलवर बघून माझ्याकडून उत्तरं पाठ करून घेतली होती.

"पप्पा, कमतरता इचारली की म्हणायचं, मी कामात फार बारकाईनं लक्ष घालतो."

"ही कमतरता कशी काय गं?"

"आवो, सगळी तसंच म्हणत्यात."

सगळे तसंच म्हणतात तर विचारतात कशाला, हे काही तिलाही सांगता येईना. पाच ठिकाणी मी ते पोपटासारखं म्हटलं आणि पाचही ठिकाणी "कळवतो" ऐकून घरी आलो. सहाव्या मुलाखतीच्या दिवशी सकाळी दाढी करता करता ठरवलं, आज खरं तेच बोलायचं. नोकरी मला हवीच होती. संयोगितानं पुढं शिकायचा विषय काढणं बंद केलं होतं, आणि ती गप्प बसलेली मला बघवत नव्हती.

ऑफिस शाहूपुरीत, दुसऱ्या मजल्यावर. कारखाना मात्र तिकडं हातकणंगल्याजवळ, दुधाची पावडर करणारा. म्हणजे बॉयलर तिकडं आणि बॉयलरवाला निवडणारी माणसं इकडं एसीत. मुलीचं नाव अपूर्वा, वय पंचविशीचं. तिच्यापुढं छापील कागद होता. दहा प्रश्न, प्रत्येकाला पाच मार्क. पुण्याच्या कुणा सल्लागारानं बनवून दिलेला. मागच्या काचेच्या केबिनमध्ये मालक भूपाल आण्णा फोनवर बोलत होते.

"तुमची ताकद काय?"

"बॉयलरपाशी मला झोप लागत न्हाय."

तिनं लिहिलं. "आणि कमतरता?"

"तोंड. चुकीचं दिसलं की बोलतो. मालकाला बी."

तिचं पेन थांबलं. "काका, असं नाही लिहिता येणार."

"मग जे लिहायचं ते तुमीच लिवा की. मला कशाला इचारताय?"

बोललो आणि लगेच वाईट वाटलं. पोरीचा त्यात काय दोष? तिनं खाली बघत सांगितलं, "मला तरी कुठे हे विचारायचंय? दिलाय तो कागद भरते. सकाळपासून चार जण येऊन गेले. चौघांची कमतरता एकच. कामात फार बारकाईनं लक्ष घालतात."

मला हसू फुटलं. तीही हसली, आणि मागं आण्णा बघत नाहीत ना याची खात्री करून पुढच्या प्रश्नाला गेली. "पाच वर्षांनी स्वतःला कुठे बघता?"

"बॉयलरपाशी. धडधाकट."

असे नऊ प्रश्न झाले. दहावा शेवटचा. "तुम्हाला आम्हाला काही विचारायचंय?" हे म्हणता म्हणताच तिनं पेनाला टोपण लावलं. कारण या प्रश्नाला सगळे "नाही मॅडम" म्हणतात आणि खुर्ची मागं सारतात. मीही पाच वेळा तेच केलं होतं.

"हाय की," मी म्हटलं.

तिनं टोपण काढलं.

"ज्यादा वाफ बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह शेवटचा कवा तपासला? मागला माणूस काम सोडून का गेला? आणि आत्ता ह्या घडीला बॉयलरपाशी कोण हाय?"

पहिल्याचं उत्तर तिला माहीत नव्हतं. दुसऱ्यासाठी तिनं फाईल काढली. "उदयसिंह म्हणून होते. वैयक्तिक कारणानं सोडलं. अकरा दिवस झाले." तिसऱ्यापाशी मात्र ती घुटमळली. "आत्ता कोण आहे... थांबा, विचारते." तिनं कारखान्यात फोन लावला आणि टेबलावर ठेवून स्पीकर सुरू केला.

"ह्यालो, गणपतराव बोलतोय."

"गणपतराव, तुम्ही गेटवरचे ना? बॉयलरवर कोण आहे?"

"मीच हाय की. गेट बी बघतो, ह्ये बी बघतो. मॅनेजर सायबांनी दावलंय सगळं."

मी पुढं सरकलो. "पावणं, काचेत पाणी किती हाय?"

बॉयलरच्या तोंडावर एक उभी काचेची नळी असते. आत जेवढं पाणी, तेवढं तिच्यात दिसतं. आम्ही दिवसभर जे काही बघतो ते तेवढंच.

"अर्ध्यावर हाय. एकदम झकास. तास झाला, जरा बी हाललं न्हाय. पंप बी लावाय लागला न्हाय."

चालू बॉयलरचं पाणी काचेत कधी गप्प राहत नाही. आत उकळतंय, ते काचेत नाचणारच. आणि तासभर वाफ निघतेय, तरी पाणी उतरत नाही? घरात चहाचं पातेलं ठेवलं तरी ते आटतं. पाणी हलत नाही म्हणजे काचेकडं येणारी वाट गाळानं बुजली आहे आणि तिच्यात दिसतंय ते मघाचं, अडकून पडलेलं पाणी. आत किती उरलंय ते कुणालाच ठाऊक नाही. आणि खाली आग चालू.

"पाणी कमी झालं की घंटा वाजती, ती वाजली न्हाय?"

"लई बोंबलत हुती सकाळच्यानं. वायर काढून ठिवली."

मी उभाच राहिलो. "गणपतराव, नीट ऐका. भट्टीला वारा घालणारा पंखा बंद करा. भट्टीत काय बी टाकू नगा. पाण्याच्या पंपाला हात सुदीक लावायचा न्हाय, तापल्या लोखंडावर गार पाणी पडलं तर बॉयलर फुटंल. आन् आत जेवढी माणसं हायती तेवढी घिऊन गेटाबाहेर जावा. पळा."

माझा आवाज बॉयलरच्या घरघरीत घडलेला आहे, तो शाहूपुरीच्या त्या खोलीत मावला नाही. आण्णा केबिनमधून बाहेर आले. पांढरा शर्ट, कपाळाला आठ्या.

"काय चाललंय? काय बंद कराय सांगताय?"

"बॉयलर."

"अठरा हजार लिटर दूध आलंय सकाळच्यानं! वाफ बंद केली तर ते काय रस्त्यावर ओतू? आन् तुमी कोण सांगणारं? अजून घेतलं तरी हाय काय तुमाला?"

"न्हाय घेतलं," मी म्हटलं.

फोनमधून गणपतरावाचा आवाज आला, "आण्णा काय म्हणत्यात? बंद करू का नगं?"

खोटं कशाला सांगू, त्या क्षणी मला संयोगिता दिसली. सहावी नोकरीही हातची गेली, हे मला स्वच्छ कळलं. पण खुर्चीवर परत बसायची बुद्धी काही झाली नाही. मी टेबलावरचा फोन उचलला आणि आण्णांच्या तोंडापुढं धरला.

"तुमीच सांगा. पाणी किती हाय ठावं न्हाय, तरी गणपतराव, तू तितंच हुबा ऱ्हा आन् आग चालू ठेव, असं म्हणा. ह्या पोरीच्या म्होरं सांगा, म्हंजे ती लिहून घील."

अपूर्वानं खरंच पेन कागदावर टेकवलं. आण्णांनी आधी तिच्याकडं बघितलं, मग फोनकडं.

"गणपा," ते म्हणाले, "ह्यो माणूस म्हणतोय तसं कर. बाहीर व्हा सगळी."

आण्णांच्या गाडीतून आम्ही तिघं निघालो. कारखान्यापाशी पोचलो तेव्हा तीस-पस्तीस माणसं रस्त्यापलीकडं उन्हात उभी होती आणि गणपतराव त्यांच्यापुढं हात पसरून, कुणी आत घुसेल म्हणून. साठीला टेकलेला माणूस. त्याला बघून माझा राग दुप्पट झाला, कारण त्याची चूक काहीच नव्हती.

दोन तास आम्ही नुसते थांबलो. आग पूर्ण विझली, प्रेशर पार खाली आलं, तेव्हा मी आत गेलो. आण्णा मागोमाग आले, नको म्हणत असताना अपूर्वाही आली. काचेत पाणी अजून अर्ध्यावर. मी काचेखालची तोटी उघडली. पाणी गळून गेलं, काच रिकामी झाली. तोटी बंद केली. आता डोळ्याचं पातं लवायच्या आत काच भरून यायला हवी. आम्ही तिघं त्या रिकाम्या काचेकडं बघत उभे राहिलो. ती भरली नाही.

दुसऱ्या दिवशी झाकण उघडून बघितलं तर आतल्या नळ्या उघड्या पडायला दोन बोटं पाणी बाकी होतं. पण त्या दुपारी आण्णांना ते बघायची गरज पडली नाही. त्यांनी रुमालानं मान पुसली.

"पावणं, उद्यापासनं कामावर या."

हेच ऐकायला मी सात महिने हिंडत होतो. तरी मी म्हटलं, "माझा दुसरा प्रश्न राहिलाय. मागला माणूस का गेला?"

दारातून गणपतराव बोलला. "मी सांगतो की. ह्या काचेच्या तोट्या बदला, बदला म्हणून म्हयनाभर भांडत हुता उदयसिंह. सायेब म्हणायचं, आता लोड हाय, फुडं बघू. शेवटी डबा उचलला आन् गेला. आता तिकडं कागलला लागलाय."

"फाईलमध्ये वैयक्तिक कारण लिहिलंय," अपूर्वा म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. "मीच लिहिलंय. त्यांना विचारलंच नव्हतं. यादीत चार कारणं असतात, त्यातलं एक टिकमार्क केलं."

मी आण्णांकडं वळलो. "तोट्या नव्या पायजेत. घंटा चालू पायजे. सरकारी इन्स्पेक्टर येऊन बघून जाऊ द्या, तवर मी काडी लावणार न्हाय. आन् दोन पाळ्यांना दोन माणसं, दोघं बी दाखलंवालं. गणपतराव गेटवर."

"आन् मी न्हाय म्हटलं तर?"

"तर मी बी वैयक्तिक कारणानं चाललो."

हे मी चढेलपणानं म्हटलं नाही. पिशवी माझ्या खांद्यालाच होती आणि बाहेर परतीची एसटी कुठं थांबते तेही मी येताना बघून ठेवलं होतं. आण्णांनी एकदा त्या रिकाम्या काचेकडं बघितलं. मग त्यांनी खिशातून मोबाईल काढला आणि दुसऱ्या एका डेअरीला फोन लावला. "अठरा हजार लिटर हाय. घेताय काय बोला."

इन्स्पेक्टर येऊन जायला नऊ दिवस लागले. दहाव्या दिवशी मी बॉयलर पेटवला. संयोगिताला फोन करून घरघर ऐकवली. ती म्हणाली, "पप्पा, काय सांगितलंत मग कमतरता?" मी म्हटलं, तोंड. तिचा विश्वास बसला नाही.

त्याच आठवड्यात दुसऱ्या पाळीच्या माणसाची मुलाखत होती. अपूर्वानं ती शाहूपुरीत ठेवली नाही. उमेदवारांना थेट बॉयलरपाशी बोलावलं. हातात छापील कागद होता, पण तिनं तो घडी घालून पर्समध्ये टाकला. मला म्हणाली, "काका, तुम्ही काही बोलायचं नाही, फक्त बघायचं." मला न बोलणं अवघड जातं, तरी मी बाजूला जाऊन उभा राहिलो.

पहिला उमेदवार आला. तिनं विचारलं, "या काचेत पाणी किती आहे?"

"अर्ध्यावर, मॅडम," त्यानं वर्गातल्यासारखं खणखणीत उत्तर दिलं. तिनं आभार मानून त्याला पाठवलं.

दुसराही म्हणाला अर्ध्यावर. वर न विचारता सांगितलं की तो कामात फार बारकाईनं लक्ष घालतो. अपूर्वानं ओठ दाबून माझ्याकडं बघितलं आणि मी भिंतीकडं तोंड केलं.

तिसरा सम्राट नावाचा, नाव भारदस्त आणि अंगानं काडी. तिनं त्यालाही तेच विचारलं. त्यानं पिशवी खाली ठेवली, पँटला हात पुसले, पुढं झाला आणि काचेखालची तोटी उघडली. पाणी फसकन बाहेर आलं, काच रिकामी झाली. त्यानं तोटी बंद केली. पाणी उसळून वर आलं आणि मध्यावर नाचायला लागलं. ते नाचतंय हे त्यानं थोडा वेळ बघितलं.

मग तो अपूर्वाकडं वळला.

"आता सांगतो, मॅडम. अर्ध्यावर हाय."