मागच्या वर्षीचं उत्तर

मंत्री उत्तर द्यायला उभे राहिले आणि वर अधिकाऱ्यांच्या सज्जात बसलेल्या कक्ष अधिकारी बाई पुढे सरकून कठड्याशी आल्या. उत्तर त्यांनीच लिहिलेलं. लिहिलेलं कसलं, उतरवलेलं! पुलाबद्दलचा हाच प्रश्न मागच्या वर्षीच्या अधिवेशनातही आला होता. घाईगर्दीत बाईंनी जुनंच उत्तर पुढे ढकललं आणि वरच्या साहेबांनी न वाचता सह्या ठोकल्या. सरकारात हे असं चालतंच, आणि एरवी त्यानं कुणाचं काही बिघडत नाही. यंदा मात्र पुराचं पाणी पुलाच्या खांबांना झोडपून गेलं होतं आणि त्यानंतर तपासणीला कुणी फिरकलंच नव्हतं. बाईंचे डोळे उघडले ते आज सकाळी, दादाचा फोन आला तेव्हा.

दादा म्हणजे त्यांचा सख्खा थोरला भाऊ, बसचालक. "चिमे, पुलाला भेग दिसतेय गं. आम्ही सगळ्यांनी गाड्या अलीकडेच उभ्या केल्यात. आज तुमच्या सभागृहात उत्तर आहे ना? मंत्री सुरक्षित म्हणाले की निघतो. रेडिओवर थेट ऐकतोय." बाई तोंड उघडणार तोच प्रवाशांच्या आरडाओरड्यात फोन कट झाला, आणि मग काही केल्या लागेना. साहेबांना गाठलं, तर ते म्हणाले, "आता छापून गेलंय हो. फारच वाटलं तर मंत्र्यांना चिठ्ठी पाठवा."

सज्जाची रीतच तशी. अधिकाऱ्यांनी फोन दारावर जमा करायचा, आत गप्प बसायचं, आणि मंत्री अडले तर शिपायाहाती चिठ्ठी धाडायची. बोलायचा हक्क निवडून आलेल्यांचा.

बाईंनी चिठ्ठी खरडली. 'उत्तर जुने आहे. यंदा तपासणी झालेली नाही. पूल बंद ठेवावा.' मंत्र्यांनी ती वाचली, मान वर करून सज्जाकडे पाहिलं आणि चिठ्ठी खिशात घातली.

"अध्यक्ष महोदय, पुलाची तपासणी झाली असून तो वाहतुकीस सुरक्षित आहे."

समोरच्या बाकावरून एक आमदार ताडकन उठले. "तपासणी कधी झाली, ते सांगा!"

"झाली आहे म्हटलं ना! सन्माननीय सदस्यांना पूल नकोच आहे की काय?"

बाकं वाजली, हशा पिकला. बाईंना ऐकू येत होती ती फक्त दादाच्या गाडीची घरघर. आता चावी फिरवली असेल, आता गिअर टाकला असेल. नोकरी डोळ्यांपुढे नाचत होती. तरी त्या उभ्या राहिल्याच.

"खोटं आहे ते! तपासणी झालेलीच नाही! उत्तर मी लिहिलंय!"

सगळ्या माना सज्जाकडे वळल्या. मग अध्यक्षांनी शांतपणे सांगितलं, "सज्जातलं बोलणं कामकाजातून काढून टाकावं. त्यांना बाहेर न्या." सज्जात माईक नसतो. रेडिओवर यातलं अवाक्षर गेलं नव्हतं.

सुरक्षारक्षकांनी दंडाला धरून बाईंना बाहेर काढलं. हक्कभंग, निलंबन, चौकशी, कुणी काय काय पुटपुटत होतं. बाईंनी दारावरच्या पेटीतून फोन जवळजवळ हिसकावलाच. या खेपेला तो लागला.

"दादा, कुठे आहेस?"

"हा काय, निघालोच. मंत्र्यांनी सांगितलं ना. आणि चिमे, उत्तर तुझ्याच खात्याचं, म्हणून मीच सगळ्यांना म्हटलं, चला बिनघोर."

"थांब! उत्तर माझंच आहे दादा, आणि ते खोटं आहे. पाया पडते, गाडी बंद कर!"

करकचून ब्रेक लागला. इंजिन बंद झालं. बाईंचा जीव भांड्यात पडणार, एवढ्यात दादाचा आवाज आला, पार बसलेला.

"चिमे... पुढची गाडी गेली गं पुलावर. माझ्या शब्दावर गेली. भरलेली आहे."

रक्षक "चला मॅडम, चला" म्हणत होता. बाई जागच्या हलल्या नाहीत. फोन कानाशी घट्ट धरून त्या ती गाडी पलीकडे पोचायची वाट पाहत राहिल्या.