पॉम्पेईला पन्नास मिनिटे

पिकांना नत्र, स्फुरद आणि पालाश पुरवणाऱ्या एका कंपनीने आपल्या कोल्हापूर विभागातील चौदा विक्रेत्यांना सपत्नीक इटलीला नेण्याचे ठरवले, तेव्हा सहापैकी पाच दिवसांचा कार्यक्रम तिने स्वतः आखला आणि सहावा दिवस विक्रेत्यांच्या विवेकबुद्धीवर सोपवला. कंपन्यांकडून अशा चुका होतात. सहाव्या दिवशी मुक्काम नेपल्समध्ये होता. तिथून लोकल गाडीने चाळीस मिनिटांवर पॉम्पेई आहे. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीने राखेखाली गाडलेले हे रोमन शहर गेली पावणेतीनशे वर्षे उकरले जात आहे. ज्वालामुखीही जागच्या जागी आहे.

मोकळ्या दिवसाचे काय करायचे हे ठरवण्यासाठी फेब्रुवारीतल्या एका रविवारी सकाळी राजारामपुरीत, एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावरील सभागृहात बैठक भरली. पासपोर्ट दाखवायचे असल्याने बायकाही आल्या होत्या. पुढच्या खुर्च्यांवर पुरुष बसले, मागच्या दोन रांगांत बायका. ही व्यवस्था कोणी सांगितली नव्हती. ज्या व्यवस्था सांगाव्या लागत नाहीत, त्या उकरून काढायला पुढच्या संशोधकांना सर्वाधिक कष्ट पडतात.

अध्यक्षस्थानी कोडोलीचे हंबीरराव होते. सर्वांत जास्त खत त्यांच्या दुकानातून जात असल्याने इतिहास, भूगोल आणि हवामान या विषयांवरचा त्यांचा अधिकार निर्विवाद होता. त्यांच्या शेजारी प्रवास कंपनीचा सम्राट नावाचा तरुण लॅपटॉप उघडून बसला होता.

“मंडळी, म्या सगळं बसवलंय,” हंबीरराव म्हणाले. “सकाळी नऊला गाडी निघणार. डाव्या खिडकीतनं ज्वालामुखी. ज्येला फोटो काडायचाय त्येनं डावीकडं बसायचं. मग पॉम्पेई, पन्नास मिण्टं. मग मॉल, सहा तास.”

“पन्नास मिनिटांत आत जाऊन होत नाही, सर,” सम्राट नम्रपणे म्हणाला. “तिकिटाची रांगच तेवढी असते. तो फोटो स्टॉप आहे. गेटवर.”

“मग गेटवर. आत काय हाय?”

“भिंती आहेत, सर. रस्ते आहेत.”

“पडक्या भित्ती बघाय इटलीला कशाला जायचं? आमच्या पन्हाळ्यावर काय कमी हाईत व्हय? आन् तिथं वर गेल्यावर झुणका-भाकर तरी मिळती की!”

सभागृह हसले. कोणीतरी विचारले, की ज्वालामुखीच्या राखेने जमीन फार सुपीक होते म्हणे, ते खरे का. सम्राटने खरे असल्याचे सांगितले. हंबीररावांचा चेहरा प्रथमच गंभीर झाला.

“मग तिथं आपला धंदा चालायचा न्हाय,” ते म्हणाले, आणि व्हेसुव्हियसचा विषय संपला.

मागच्या रांगेत सुष्मिता पट्टणशेट्टी हे ऐकत होती. मार्केट यार्डाजवळच्या, नवरा रुद्रेश याच्या खत दुकानाचे सगळे काम ती पाही. पण त्याआधी, एकवीस वर्षांपूर्वी, ती संशोधक विद्यार्थिनी होती. कोल्हापुरातच, पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकाडात रोमन बनावटीची कांस्यपात्रे सापडली, त्यांतल्या सुरया हा तिच्या प्रबंधाचा विषय होता. त्या काम्पानियात, म्हणजे याच नेपल्सच्या परिसरात घडल्या असाव्यात, असे अनेक अभ्यासक मानतात. तिने सुरयांच्या कानांची मापे घेतली, चार प्रकरणे लिहिली. पाचवे प्रकरण या सुरया स्वतःच्या मुलखात कोणत्या चुलीशेजारी, कोणाच्या हाताला लागेल अशा उंचीवर ठेवल्या जात, याविषयी होते. “ते तिथली स्वयंपाकघरे पाहिल्याशिवाय लिहू नका,” असे तिचे मार्गदर्शक म्हणाले होते. प्रवासभत्ता मिळणाऱ्या माणसाच्या सहजतेने ते असे बोलत. पुढे लग्न झाले, दुकान झाले, आणि पाचवे प्रकरण झाले नाही. आता ती सेहेचाळीस वर्षांची होती, आणि ती स्वयंपाकघरे बसच्या थांब्यापासून चालण्याच्या अंतरावर येत होती. दुसऱ्यांदा ती तशी येतील असे मानण्यास कोणताही पुरावा नव्हता.

“हात वर करा,” हंबीरराव म्हणाले. चौदा हात वर झाले. त्यांत रुद्रेशचाही होता. दुकानाचे मत विचारले की त्याचा हात आपोआप वर जाई. त्यात द्वेष नव्हता. द्वेष असता तर निदान त्याआधी विचार तरी झाला असता.

“एकमतानं मंजूर.”

सम्राटने हजेरीचा कागद मागे पाठवला. “मॅडम लोकांनी पासपोर्टवरची नावं तपासून घ्या. पॉम्पेईच्या तिकिटावर नाव लागतं. आता आत जायचं नाही म्हणा, पण कंपनीलाही लागतात.”

कागद सुष्मिताच्या हाती आला. त्यावर विक्रेत्यांची चौदा नावे होती, आणि त्यांतली नऊ बायकांची होती. यात गूढ काही नाही. कोणाला सवलतीचे कर्ज हवे होते, कोणाला दुसरा परवाना, कोणाचा भावाशी वाद होता. म्हणून दुकाने बायकांच्या, सुनांच्या, आयांच्या नावावर होती. प्रत्येक नावापुढे सही होती. कागद आधी पुढच्या रांगांत फिरला होता, तेव्हा बायका मागे चहा घेत होत्या. सुष्मिताने आयुष्यात अनेक शिलालेखांचे ठसे पाहिले होते, त्यामुळे अक्षरांचे वळण तिला कळे. नऊ बायकांच्या नऊ सह्या पुरुषी, घाईच्या, सरावलेल्या हातांनी केलेल्या होत्या. तिची स्वतःची सही रुद्रेशने केली होती आणि ती तिच्या सहीपेक्षा सफाईदार होती.

ती उभी राहिली.

“अध्यक्ष, एक शंका आहे. कंपनीच्या पत्रात एका विक्रेत्याला एक मत असं लिहिलंय. या कागदाप्रमाणे विक्रेती मी आहे. मी हात वर केला नव्हता.”

“वैनी, रुद्रेशनं केला की.”

“रुद्रेश माझे जोडीदार म्हणून येत आहेत. त्यांचं तिकीट त्या नात्याने निघालंय. जोडीदारांना मत आहे का, सम्राट?”

सम्राटने लॅपटॉपमध्ये पाहिले. तो बराच वेळ पाहत राहिला. “नाही, मॅडम.”

“मग हा ठराव ज्यांनी केला, त्यांतल्या नऊ जणांना मताचा अधिकार नव्हता. त्यांत अध्यक्षही आहेत. त्यांचं दुकान सूनबाईंच्या नावावर आहे.”

रुद्रेश मागे वळून हळूच म्हणाला, “अगं, घरात बोललो असतो की.”

“घरात तुम्ही माझी सही करत नाही,” सुष्मिता म्हणाली.

मतदान पुन्हा घ्यावे लागले. या प्रसंगी लेखकांना एक मोह होतो: नऊ स्त्रिया एकदम उठतात, सभागृह थरारते, शतकांची धूळ झटकली जाते. प्रत्यक्षात पाच पुरुष विक्रेत्यांनी मॉलला मत दिले. तीन बायकांनी मॉलला मत दिले, कारण त्यांना मॉल पाहायचा होता, आणि तो त्यांचा पूर्ण अधिकार होता. हंबीररावांची सून आणि आणखी एकजण म्हणाली, “ह्यांनाच विचारा.” आत जाऊन पॉम्पेई पाहण्याच्या बाजूने चार मते पडली. आठ विरुद्ध चार. अन्याय आता कायदेशीर झाला होता, एवढीच प्रगती.

“झालं समाधान?” हंबीररावांनी विचारले.

“सहावा दिवस मोकळा आहे असं पत्रात आहे,” सुष्मिता म्हणाली. “मोकळ्या दिवशी गाडीत बसणं सक्तीचं आहे का?”

सम्राटने या वेळी लॅपटॉप पाहिला नाही. “नाही, मॅडम. सायंकाळी साडेसातला हॉटेलवर परत आलं म्हणजे झालं.”

“मग मी लोकलनं जाते.”

“एकटी? परदेशात?” रुद्रेश म्हणाला.

“एकटी कशी? मी हाय की,” मागून आवाज आला.

बसव्वा नावलगी गडहिंग्लजहून एस.टी.ने आल्या होत्या. वय अडुसष्ट. पती गुरुपाद गेल्यापासून दुकान त्यांच्या नावावर होते आणि चौदा जणांत दुकानाच्या कागदांवर स्वतःची सही स्वतः करणारी ही एकच स्त्री, तीही कानडीत. पण कागद त्यांच्यापर्यंत पोहोचण्याआधीच पुढच्या रांगेत बसलेल्या त्यांच्या मुलाने, राजशेखरने, मराठीत सही ठोकून दिली होती. चार मतांतले एक त्यांचे होते.

“अव्वा, गुडघं,” राजशेखर म्हणाला.

“गुडघं माझं हाईत. तुला काय करायचं?”

पुढच्या आठवड्यात बसव्वा मार्केट यार्डाजवळच्या दुकानात आल्या, पोत्यावर बसल्या आणि म्हणाल्या, “दाव तंगी, काय बसवलंईस.” धाकट्या बहिणीला हाक मारावी तशा त्या तिला तंगी म्हणत, वयाचा हिशेब न करता.

सुष्मिताने कागद काढला. बैठकीनंतरच्या सहा दिवसांत तिने पॉम्पेईचा नकाशा कामाशिवायच्या प्रत्येक तासात वाचला होता. नऊला प्रवेश. अकरा घरे, प्रत्येकात स्वयंपाकघर. त्यांशिवाय रस्त्याकडेचे एक खानावळीचे दुकान, ज्याच्या ओट्यात भांडी बसवण्याची भोके अजून दिसतात. प्रत्येक घराला किती मिनिटे, कोणत्या रस्त्याने, कोणत्या वेळी ऊन कोणत्या भिंतीवर असेल. बैठकीनंतर जिना उतरताना बसव्वांनी ज्वालामुखी पाहायचा असल्याचे सांगितले होते, म्हणून शेवटी लिहिले होते: चार वाजता बस, व्हेसुव्हियस, परत.

“वर किती वेळ?” बसव्वांनी विचारले.

“गाडीतळापासून अर्धा-पाऊण तास चढ आहे, अव्वा. मग वर विवराच्या काठाला वीस मिनिटं.”

“वीस मिण्टं.” बसव्वांनी कागदाकडे पाहिले. “म्हंजे हंबीररावाच्या गाडीगतच की.”

सुष्मिताने कागद स्वतःकडे वळवला. दुकानात कोणीतरी बटाट्यासाठीचे खत मागितले. ते रुद्रेशने दिले.

“अव्वा, तिथं पाहण्यासारखं फारसं नाही,” ती शेवटी म्हणाली. “मोठा खड्डा आहे. कधी कधी जरा वाफ येते. सगळं खाली शहरात आहे. माणसं कशी राहत होती, काय शिजवत होती...”

“किती माणसं गेली म्हणालीस?”

“नक्की आकडा नाही. दोन हजार तरी असावीत.”

“आन् आता त्या डोंगराखाली कोण ऱ्हातं?”

“लाखांनी लोक राहतात.”

“येवढी माणसं ज्येनं मारली, त्येला न बघता नुसती मेलेल्यांची भांडी बघून यायचं?” बसव्वा म्हणाल्या. “कुठं मयत झाली तर आधी इचारत्यात, कशानं गेला. भांडी नंतर मोजत्यात.”

सुष्मिताची चारही प्रकरणे भांडी मोजण्यापासून सुरू होत होती. त्यांत तिने व्हेसुव्हियसचा उल्लेख केवळ कालनिश्चितीसाठी, एका आकड्याच्या स्वरूपात केला होता. तो डोंगर आहे, तो उंच आहे, तो त्या स्वयंपाकघरांतून दिसत असणार, हे तिने कुठेही लिहिले नव्हते.

“मग आधी डोंगर,” बसव्वा म्हणाल्या. “सकाळचं वर जाऊ. मला चढाय सकाळीच बरं. वर निवांत बसू. मग खाली उतरून तुझी गावं बघू.”

“गाव एकच आहे, अव्वा.”

“एक तर एक.”

सुष्मिताने नवा कागद घेतला. विवराची तिकिटे ठरावीक वेळेची असतात. दहाची मिळाली तर चढायला पाऊण तास, वर एक तास, उतार, बस, आणि पॉम्पेईत प्रवेश दोनच्या सुमारास. हॉटेलवर साडेसात म्हणजे तिथून साडेसहाला निघणे आले. साडेचार तास. सकाळचे ऊन गेले आणि त्या उन्हाच्या भरवशावर ठेवलेली पूर्वेकडची तीन घरे गेली. अँफिथिएटरच्या बाजूचे एक लांब होते, ते गेले. एका घरातल्या चुलीबद्दल जर्मन आणि इटालियन अभ्यासकांत जुना वाद होता आणि त्यात स्वतःचे मत असावे अशी तिची फार दिवसांची इच्छा होती. त्या घरावर पेन थोडा वेळ थांबले आणि मग तेही गेले. सहा घरे आणि खानावळ उरली.

रुद्रेश काउंटरवरून हे पाहत होता. “मीपण येऊ काय?” त्याने विचारले. “मॉलमधी सहा तास हंबीररावांबर म्हंजे...”

“या. पण घरं कमी होणार नाहीत आता. चालायला लागेल.”

“चालतो की. न्हाय कोण म्हणालंय?”

“आणि वर फोटो काढत बसायचं नाही. अव्वांना तिथं बसायचंय.”

रुद्रेशने मान डोलावली. बसव्वांनी पोत्यावरून उठता उठता नव्या कागदाकडे बोट दाखवले. त्यांना मराठी वाचता येत असे, पण वेळ वाचायला भाषा लागत नाही.

“दोनला खाली, साडेसहाला परत. मधी काय न्हाय?”

“मध्ये घरं आहेत, अव्वा. सहा.”

“ते झालं. आन् भाकरी कुठं बसून खायाची? मी जोंधळ्याची आणणार हाय, शेंगाचटणी आणणार हाय. चालत चालत न्हाय खायाची मी. अर्धा तास तरी पायजे.”

सुष्मिताने सहाव्या घरावर रेघ मारली आणि तिथे भाकरी लिहिले.