गोंड्याची उन्हाळी हजामत

चाळीस वर्षं लोकांच्या डोक्यांवरून हात फिरवलेल्या माणसाला घरच्या कुत्र्याला हात लावायची बंदी, म्हणजे याला म्हणायचं तरी काय? बाबांचं डोकं सकाळपासून त्यावरूनच तापलं होतं. दोन वर्षांपूर्वी हात थरथरू लागले, एका गिऱ्हाइकाच्या कानाला कात्री लागली आणि त्याच संध्याकाळी लेकीने त्यांची सगळी हत्यारं कपाटावर टाकली. सलूनही बंद झालं.

आता उन्हाळा आला आणि गोंड्याची जीभ दिवसभर बाहेर. अंगावर बोटभर दाट लोकर. भादरून टाकतो, सुटेल बिचारा, असं बाबांनी चारदा सांगून पाहिलं. लेक म्हणे, जनावरांचे डॉक्टर नको म्हणालेत. वरचे केस ऊन अडवतात, आतली सुटलेली लोकर तेवढी विंचरून काढायची. केसांतलं डॉक्टरला काय कळतं, असं बाबांचं ठाम मत.

लेक कामावर गेली आणि बाबा कपाटावरचं केस कापायचं मशीन काढायला स्टुलावर चढले.

मशीन सुरू झालं तरी गोंड्या मुकाट उभा राहिला. एवढा विश्वास बाबांवर दोन वर्षांत कोणी टाकला नव्हता. पण हात तो हातच. मशीन घसरलं आणि पाठीवर वीतभर गुलाबी पट्टा उघडा पडला. गोंड्याने फक्त वळून पाहिलं. बाबांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

खिडकीतलं ऊन त्या पट्ट्यावर पडलं आणि बघता बघता कातडी तापली. बाबांनी शेजारच्या केसांत बोटं खुपसली. केस वरून गरम होते, तळाशी कातडी त्या मानाने गार होती. डॉक्टरचं खरं होतं तर!

मग त्यांनी रुंद दातांचा कंगवा घेतला. विंचरताना थरथर कुणाच्या लक्षातही येत नव्हती. गोंड्याने डोळे मिटून घेतले. उन्हं कलेपर्यंत शेजारी आणखी एक कुत्रं बसलंय असं वाटावं एवढा लोकरीचा ढीग जमला.

लेक आली तेव्हा बाबांनी काही लपवलं नाही. मशीन स्वतःच तिच्या पुढे केलं.

“हे ठेवून दे. माझं काम संपलं आता.”

ती रागावली, आणि ते बरोबरच होतं. पट्ट्याला ऊन लागू नये म्हणून तिने बाबांचंच जुनं बनियन गोंड्याला चढवलं, मशीन कपाटावर टाकलं. मग लोकरीच्या ढिगाकडे बराच वेळ बघत राहिली. शेवटी आपला कंगवा घेऊन आली आणि केस मोकळे सोडून बाबांच्या पायाशी बसली.

तिची वेणी लहानपणी आईच घालायची. बाबा सलूनमध्ये असायचे. जगाची डोकी सांभाळता सांभाळता हे एक डोकं राहूनच गेलं होतं.

“हात थरथरतो गं माझा.”

“थरथरू दे,” ती म्हणाली. “ओढू नका तेवढं.”