पाहुणचाराची मासळी

मी मासे मोजायची फळी. थकलेय जरा, पण सांगते.

बालुगावच्या एका सुताराने मला सागाच्या तुकड्यातून घडवलं. डोक्याशी आडवी पट्टी ठोकली, अंगावर तापल्या सळईने आकडे उमटवले. माशाचं तोंड पट्टीला टेकवायचं आणि शेपूट कुठे येते ते वाचायचं, एवढंच माझं काम. अशा मापांवरून कचेरीतली माणसं चिलिका सरोवरात कोवळी मासळी किती, जून किती हे ताडतात. मग हंगामात किती काढली तर सरोवर रितं होणार नाही, ते ठरवतात.

माझी मालकीण मिताली बेहेरा. सरोवराकाठच्या एका मासळीच्या धक्क्यावरच्या कोळ्यांची मुलगी, शिकून मासेखात्यात लागलेली. ती त्या धक्क्यावर आली की तिच्या मावशीचा नवरा दैतारीकाका ओरडायचा, "आल्या बाईसाहेब मापं घ्यायला! झबली शिवणार का गं माशांना?" सगळे हसायचे. मग माझ्यावर एकेक खाइंगा मासा यायचा, हातभर लांब, चकचकीत. मिताली खुशीत असे. दरवर्षी माप चांगलं येई आणि दरवर्षी मर्यादा सैल राही.

यंदा आश्विनात तिची नाव वाटेत बिघडली, म्हणून ती न कळवता मावशीकडे जेवायला थांबली. मला तिने दाराशी टेकवून ठेवलं होतं. कुंतलामावशीने पाणीभात वाढला आणि शेजारी तळलेले मासे, बोटाएवढे.

"मावशी, ही पिल्लं कुठली?"

"आपल्याच जाळ्यातली. हल्ली अशीच येतात."

"मग धक्क्यावर मला मोठाले दाखवता ते?"

मावशी ओशाळली. "अगं, तू एवढी कचेरीतून येतेस. पाहुण्यापुढे कुणी चिंगळ्या टाकतं का? सगळ्यांच्या टोपल्या धुंडाळून निवडतात तुझ्यासाठी."

खोटं कुणीच बोललं नव्हतं. मिताली ताटातलं सगळं जेवली. मग मला उचलून बाहेर पडली.

संध्याकाळी तिने धक्क्यावर माणसं गोळा केली. अंडी भरलेला खाइंगा हिवाळ्यात समुद्राकडे निघतो. त्या वाटेवर यंदा जाळी लावायची नाहीत, असं तिचं म्हणणं.

कालिजाई देवीपुढे चिठ्ठ्या टाकून त्या वाटेवरच्या जाळ्यांच्या जागा वाटतात. यंदा मुखाजवळची, म्हणजे सरोवर समुद्राला मिळतं तिथली जागा दैतारीकाकाला लागली होती. त्या कमाईवर त्याची नवी नाव ठरली होती. जुनीतून आता मासळीपेक्षा पाणीच जास्त काढावं लागे.

"किती वर्षांनी चिठ्ठी निघालीय गं माझी," तो म्हणाला. "नेमकी यंदाच तुला अक्कल सुचली?"

"काका, आजवरची सगळी मापं चुकली."

"मग आणखी एक वर्ष चुकू दे."

या वेळी कुणी हसलं नाही.

"माझ्या ताटावर कचेरी विश्वास ठेवणार नाही," मिताली म्हणाली. "मला न निवडलेली, अख्खी टोपली हवी. कुणाचीही."

माणसं पांगली. सकाळी एकही टोपली माझ्याकडे वळली नाही. मितालीने मला पिशवीत घातलंसुद्धा. तेवढ्यात काका आला, टोपली तिच्या पायाशी उपडी केली आणि उकिडवा बसला.

"काढ ती फळी. आणि मोठ्याने वाच. ऐकू दे सगळ्यांना."

एकेक मासा माझ्यावर येत गेला. शेपट्या माझ्या निम्म्यापर्यंतही पोचेनात. वाचता वाचता मितालीचा आवाज बसला, तेव्हा पुढचे आकडे काकानेच वाचले.

ती मापं पाहून कचेरीने मुखाची वाट जाळ्यांना बंद केली. काकाच्या जाळ्याचे बांबू किनाऱ्यावर कोरडे पडून आहेत आणि तो दुसऱ्यांच्या नावेवर रोजाने जातो. मावशी मितालीशी बोलते, पण जेवायला थांब म्हणत नाही. खाइंगा वाढेल का, ते मला ठाऊक नाही. माझे आकडे पुसट झालेत, लवकरच दुसरी फळी येईल. तिच्यावर निवडलेलं काही ठेवू नका. जाळ्यात आलं तेच ठेवा. आम्हा फळ्यांना त्यात अपमान वाटत नाही.