तेजोनाथांची विभूती

पाण्याचा टँकर यायला अवकाश होता, तरी सारं गाव दूध सोसायटीच्या आवारात लोटलं होतं. जनावरं चारा छावणीला गेल्यापासून संकलन बंद होतं. मोकळ्या शेडमध्ये आता तेजोनाथ महाराज बसले होते. चेअरमन राधाकिशनरावांनी स्वतःहून किल्ली दिली होती. दूध नसलं तरी आवारात गर्दी दिसली म्हणजे झालं, असा त्यांचा हिशेब असावा.

महाराज तीळ काढत. गावाचं पाप तिळाच्या रूपानं अंगावर येतं आणि त्यापायी पाऊस अडतो, हा त्यांचा शोध. आधी तिळावर ओलसर विभूती लावायची, मग मुठीतून लाल तेजाचा ठिपका सोडायचा. "शहरात लेझर म्हणतात ते हेच, माई. तिथं मशीन, इथं नारायण." पुढं खपली धरायची आणि तीळ जायचा. भामाबाईच्या गालावरचा असाच गेला होता. तिथं पडलेला खड्डा ती कौतुकानं दाखवत फिरत होती. नांदूरघाटाहून जीप भरून लोक येत होते.

शहादेव गुरुजी कुंपणाशी उभे होते. जन्मभर विज्ञान शिकवून निवृत्त झालेला हा माणूस आता थकला होता. या दुष्काळातला हा तिसरा महाराज. नारळ फिरवून पाणी दाखवणारा झाला, अंगात आणणारी झाली. दोन्ही वेळा गुरुजी बोलले आणि दोन्ही वेळा गावानं त्यांनाच वेड्यात काढलं. या खेपेला ते घरीच बसणार होते. पण रांगेत त्यांची धाकटी बहीण छबुबाई होती.

तिच्या पोटरीवरचा तीळ मसुरीएवढा होता, तो अलीकडे पसरला होता. कडा वेड्यावाकड्या झाल्या होत्या, लुगडं घासलं की रक्त यायचं. अंबाजोगाईच्या डॉक्टरीणबाईंनी कापून तपासायला पाठवू म्हटल्यावर ती घाबरली आणि लेझरनं काढा म्हणाली. बाईंनी नीट समजावलं होतं. लेझर निरुपद्रवी तिळासाठी. जागा बधिर करायची सुई, मग थोड्या मिनिटांचं काम, खपली, एक-दोन आठवडे उन्हापासून जपणं. डाग राहू शकतो, तीळ पुन्हा येऊ शकतो. पण हा तीळ बदलतोय, तो जाळला तर तपासायला काय उरणार? छबुबाईच्या कानात कापणं तेवढं राहिलं.

"छबू, घरी चल," गुरुजी म्हणाले.

"दादा, भामाचा गेला की. मला कापून घ्यायचं न्हाई."

तिची पाळी आली. गुरुजी पुढं झाले आणि महाराजांना म्हणाले, विभूती राहू द्या, नुसतं तेज सोडा. महाराज हसले. शंकेखोरापुढं तेज रुसतं म्हणाले. मग गुरुजींनी कोपऱ्यातलं दुधाच्या किटलीचं ॲल्युमिनियमचं झाकण उचललं, चमच्यानं त्यावर महाराजांच्या डब्यातली विभूती काढली, वर थोडं पाणी टाकलं आणि ते छबुबाईसमोर धरलं.

थोडा वेळ काहीच झालं नाही. रांगेत कुणीतरी खुसखुसलं. मग झाकणावर बुडबुडे उठले, फेस चढला, कडा तापली.

रांग मोडून लोक पुढं सरकले. हा फेस गावाच्या ओळखीचा होता. मागं सोसायटीनं स्वस्त म्हणून धुण्याच्या सोड्याऐवजी कास्टिक सोडा आणला, तेव्हा किटल्या अशाच उकळल्या होत्या. झाकणांना भोकं पडली, धुणाऱ्या बायांच्या हातांची सालं निघाली. त्यांत छबुबाईही होती.

"ह्यो तर आपला सोडा हाय," ती म्हणाली. "मागच्या खोलीतला."

राधाकिशनराव पायांकडं बघू लागले. कास्टिकचं उरलेलं पोतं त्या खोलीत पडून होतं आणि खोलीची किल्ली महाराजांच्या कमरेला होती. चुन्यात सोडा कालवला की झाली विभूती. ती कातडी खाते, तिळासकट. लाल ठिपका परळीच्या जत्रेतल्या खेळण्याचा होता. टँकर आला, लोक हंड्यांकडं धावले, तेवढ्यात महाराज जीपमध्ये बसून गेले.

छबुबाईनं तीळ कापून घेतला. तपासणीत तो कर्करोगाचा निघाला, पण वेळेत आणि मुळासकट निघाला होता. आता ठरावीक दिवसांनी दाखवायला जायचं, एवढंच.

टँकरच्या रांगेत गुरुजींनी हे सगळ्यांना सांगितलं. तीळ म्हणजे पाप नव्हे. तो वाढला, रंग बदलला, रक्त आलं तर डॉक्टरला दाखवा. कुणी अंगाला काही लावू लागलं तर डब्यात काय आहे ते आधी विचारा, मग तो कितीही मोठा महाराज असो.

भामाबाई हंडा खाली ठेवून जवळ आली. गालावर पदर होता.

"गुरुजी, माजा तीळ कसला होता?"

गुरुजींना खोटा धीर द्यावासा वाटला. त्यांनी तो दिला नाही.

"ते आता कुणालाच सांगता येणार नाही, भामाबाई. तो जळून गेला. उद्या छबूबरोबर अंबाजोगाईला चला, गाल तरी दाखवू."